पावसाळ्यात टार्गेट पिस्तुलाचं फिनिश कसं सांभाळता?

वाशिष्ठीकाठ (९ जून)

नमस्कार मंडळी,

मी चिपळूणचा. २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल खेळतो. गेल्या हिवाळ्यात आमच्याकडच्या एका ज्येष्ठ नेमबाजांनी खेळणं थांबवलं आणि त्यांचं हॅमर्ली २०८ रीतसर परवान्यावर नोंद होऊन माझ्याकडे आलं. स्वित्झर्लंडमधल्या लेंझबुर्गची जुनी घडण. पॉइंट टू टू (.२२) बोअरचं, सगळं पोलादी, वर गडद निळसर-काळं ब्लुइंग. आजही नेम असा धरतं की माझ्यात दम असेल तेवढं ते देतं.

आता पाऊस तोंडावर आला आहे आणि मला काळजी लागली आहे. उजव्या बाजूला, ग्रिपच्या वर जिथे अंगठ्याचं मूळ टेकतं, तिथे बारीक तपकिरी ठिपके दिसू लागलेत. नळीच्या तोंडाशी करडा पट्टा आहे. तो गंज आहे की ब्लुइंग उडालंय, कळत नाही. फ्रंट साइटची, म्हणजे नळीच्या टोकाकडच्या नेमाच्या खुणेची, वरची कड झिजून चमकते. शिवाय घरात भाचीचं एअर पिस्तूल आहे, स्टायर एलपी १०. त्याची चौकट ॲल्युमिनियमची. दोघांना एकच तेल-फडकं चालेल का, इथपासून माझे प्रश्न सुरू होतात.

कोकणात राहून पिस्तूल सांभाळणाऱ्यांनी नक्की काय करता ते लिहा. परदेशी व्हिडिओ खूप पाहिले, पण त्यांच्याकडे चार महिने भिंतींना ओल येत नाही.

भोसरीकर (९ जून)

चांगला धागा. मी पोटासाठी गाड्यांच्या सुट्या भागांच्या मेटल फिनिशिंगमध्ये आहे आणि हौसेने एअर पिस्तूल खेळतो. आधी तुमच्या हातात काय आहे ते नीट समजून घ्या, मग काय लावायचं नि काय लांब ठेवायचं ते आपोआप कळतं.

ब्लुइंग हा रंग नव्हे, मुलामाही नव्हे. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या क्षारांच्या सुमारे १४० अंशांच्या उकळत्या द्रावणात पोलाद बुडवलं की त्याच्या पृष्ठभागाचंच काळ्या ऑक्साइडमध्ये, म्हणजे मॅग्नेटाइटमध्ये, रूपांतर होतं. आमच्याकडे शॉपफ्लोअरवर याला ब्लॅकोडायझिंग म्हणतात. हा थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि सच्छिद्र असतो. नुसता थर गंज अडवत नाही. तो तेल धरून ठेवतो आणि ते तेल गंज अडवतं. बिडाच्या तव्याला तेलाचा हात लागतो तसाच हा प्रकार आहे: तेल गेलं की काळेपणा राहतो, संरक्षण जातं.

यातून एक फार महत्त्वाची गोष्ट निघते. ब्लुइंग स्वतःच लोखंडाचा ऑक्साइड आहे. त्यामुळे जे जे रसायन गंज विरघळवतं ते ब्लुइंगही विरघळवतं. बाजारातलं रस्ट रिमूव्हर, व्हिनेगर, लिंबू, चिंच, कोला, फॉस्फोरिक आम्ल असलेलं काहीही. पाच मिनिटांत तिथला भाग उघडा पांढरा पडतो. तांब्या-पितळेची भांडी उजळायची पावडर आणि टूथपेस्टसुद्धा नको, त्यांत घासणारे कण असतात.

भाचीच्या पिस्तुलाची गोष्ट अगदी वेगळी. ॲल्युमिनियमवर ॲनोडायझिंग असतं. तोही ऑक्साइडच, पण साधारण १० ते २५ मायक्रॉन जाड, हार्ड ॲनोडायझिंग असेल तर ५० च्या आसपास. कठीण असतो, घामाला बऱ्यापैकी दाद देत नाही. त्याचा शत्रू म्हणजे अल्कली. कपडे धुण्याचा सोडा, ओव्हन क्लीनर, अमोनिया असलेली नळी साफ करायची द्रावणं, अल्ट्रासॉनिक टाकीत घालतात ती तीव्र डिटर्जंट्स. रंग फिका पडतो, डाग उठतात आणि ते परत जात नाहीत. त्याला ओलसर मऊ फडकं, मग कोरडं फडकं, एवढंच पुरे.

तर एकच फडकं नको. पोलादाचं तेलकट फडकं वेगळं, ॲल्युमिनियमचं कोरडं वेगळं.

सायली_रत्नागिरी (९ जून)

आमच्याकडे कोयते, विळ्या सगळ्यांना खोबरेल लावून ठेवतात, कधी गंज चढत नाही. पिस्तुलाला का नको?

जुना_नेमबाज (१० जून)

सायलीताई, कोयता रोज वापरात असतो आणि त्यात हलणारे भाग नाहीत. खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजायला लागतं. एसी हॉलमध्ये नेलं की स्लाइडमध्ये मेण भरल्यासारखं होईल. दुसरं म्हणजे वनस्पती तेलं हवेत खवट होतात, त्यांत आम्लं तयार होतात आणि तीच धातूला खातात. जवस, करडई यांसारखी तेलं तर वाळून चिकट पापुद्रा धरतात. खनिज तेलच वापरा. काही मिळालं नाही तर शिवणयंत्राचं स्वच्छ तेल, तेही उत्तम. फक्त ते पातळ असल्याने लवकर ओघळतं, म्हणून पावसाळ्यात हात पुन्हा पुन्हा फिरवावा लागतो.

आता वाशिष्ठीकाठ यांच्यासाठी. मी बरीच वर्षं मुलांना शिकवतो. पिस्तुलं गोळ्या झाडल्याने खराब होताना मी फार कमी पाहिली. ती खराब होतात हाताने आणि पेटीत.

तुम्ही सांगितलेली जागा बघा, अंगठ्याचं मूळ. तो घाम आहे. घामात मीठ असतं आणि पोलादाला क्लोराइडइतकं दुसरं काही लवकर लागत नाही. काही जणांचा घाम इतका तिखट असतो की सकाळी हाताळलेल्या पोलादावर संध्याकाळी बोटांचे ठसे तपकिरी उमटलेले दिसतात. अशा मुलांना मी आधीच वेगळं फडकं देतो आणि सराव संपल्यावर पहिलं काम ते, गप्पा नंतर.

पद्धत अशी. मॅगझिन काढा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने रिकामं असल्याची खात्री करा, सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामं असल्याचं बाहेरून दाखवणारी रंगीत खूण) घाला. हे घरी, एकटं असतानासुद्धा. मग आधी कोरड्या सुती फडक्याने घाम पुसा. घामावर थेट तेल लावू नका, नाहीतर मीठ तेलाखाली झाकलं जातं आणि तिथेच काम करत बसतं. खूप घामेजलं असेल तर फडक्याला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, ते उडून गेलं की तेलाचा पातळ हात. पातळ म्हणजे बोट फिरवलं तर बोटाला जाणवावं, डोळ्याला दिसू नये. जास्त तेल धूळ, बारूदाची काजळी आणि शिसं धरून ठेवतं आणि ते मिश्रण घासकागदासारखं काम करतं.

आणि ग्रिप काढा. हे कोणी करत नाही. घाम लाकडाच्या मागे झिरपतो, अक्रोडाचं लाकूड तो धरून ठेवतं आणि आतली चौकट बाहेरून काही न दिसता गंजते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी ग्रिप काढून आत बघाच. स्क्रूच्या खाचेत नेमका बसेल असाच स्क्रूड्रायव्हर घ्या. निसटलेल्या पात्याची एक रेघ ब्लुइंगवर कायमची राहते. एअर पिस्तुलाच्या ग्रिपचा कोन बदलता येतो, म्हणून काढण्याआधी तिची जागा पेन्सिलीने खूण करून ठेवा. नाहीतर फिनिश वाचेल आणि नेम हरवेल.

मृण्मयी_पुणे (१० जून)

जुना_नेमबाज आजोबांच्या मुद्द्याला धरूनच. पुण्यात हवा कोकणाइतकी दमट नाही, तरी माझ्या पिस्तुलावर जुलैमध्ये दव साचतं. कारण एसी. हॉलमध्ये २२ अंश, बाहेर पावसाळी हवा २९ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के. अशा हवेचा दवबिंदू साधारण २६ अंशांवर असतो. म्हणजे हॉलमधून बाहेर आणून पेटी उघडली की गार धातूवर लगेच पाणी धरतं, आत-बाहेर सगळीकडे, जिथे फडकं पोचत नाही तिथेही.

मी हॉलमध्येच, गार हवेत, पिस्तूल पुसून पेटी बंद करते. घरी गेल्यावर पेटी तशीच अर्धा-पाऊण तास राहू देते. आतला धातू खोलीच्या तापमानाला आला की मग उघडते. गाडीतल्या एसीलाही हेच लागू. घाईने उघडून 'जरा वाऱ्यावर ठेवू' असं करणं सगळ्यात वाईट.

श्टुटगार्टकर (१० जून)

मृण्मयीताई, आमच्याकडे हेच उलटं. जानेवारीत गाडीच्या डिकीतून उणे तापमानातलं पिस्तूल क्लबच्या उबदार खोलीत आणलं की त्यावर धुकं धरतं. जर्मन क्लबातली म्हातारी माणसं नव्या मुलांना नियम सांगण्याआधी हे सांगतात: पेटी आणा, टेबलावर ठेवा, कॉफी प्या, मग उघडा.

इथे घरोघरी बॅलिस्टॉल असतं. पहिल्या महायुद्धाच्या आधीपासूनचं जर्मन तेल, किंचित अल्कधर्मी, त्यामुळे घामाचं आम्ल थोडं मारतं. लाकडालाही चालतं. वास उग्र आहे, घरातल्यांची तयारी हवी. आणखी एक, डब्ल्यूडी-४० बद्दल. ते पाणी हटवायला चांगलं आहे. पिस्तूल पावसात भिजलं तर आधी तेच मारा. पण त्यातलं द्रावक उडून गेल्यावर उरतो तो थर महिनाभराच्या साठवणीसाठी नाही. पाणी हटलं की पुसून घ्या आणि खरं तेल लावा.

वाशिष्ठीकाठ (११ जून)

सगळ्यांचे आभार. ग्रिप काढली. आजोबा, तुम्ही म्हणालात तसंच: आतल्या बाजूला, खालच्या स्क्रूभोवती, गंजाची नाण्याएवढी पुटी होती. बाहेरून काहीच दिसत नव्हतं.

आता पुढचा प्रश्न. हा गंज काढू कसा? आणि पूर्ण पिस्तूल पुन्हा ब्लू करून घ्यावं का? इथे एक वर्कशॉपवाला म्हणतो, 'द्या, दोन दिवसांत नव्यासारखं काळंभोर करून देतो.'

भोसरीकर (११ जून)

देऊ नका. हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो.

पहिलं कारण कायद्याचं. बंदुकीवर दुरुस्तीचं काम करायला शस्त्र कायदा १९५९ खाली वेगळा परवाना लागतो. साध्या प्लेटिंगवाल्याकडे तो नसतो. परवान्यावरचं पिस्तूल त्याच्या हाती ठेवून येणं तुम्हालाही महागात पडेल आणि त्यालाही. त्याच कायद्याच्या कलम ८ प्रमाणे शस्त्रावरचा क्रमांक वा ओळखचिन्ह पुसणं, बदलणं हा गुन्हा आहे. आणि ब्लुइंगच्या आधी बफिंग, म्हणजे फिरत्या चाकावर घासून गुळगुळीत करणं, होतं. बेफिकीर हाताखाली क्रमांकाची अक्षरं सहज उथळ होतात.

दुसरं कारण कारागिरीचं. सुबक ब्लुइंग म्हणजे नव्वद टक्के आधीचं पॉलिशिंग. फिरत्या चाकावर धरलं की धारदार कडा गोल होतात, स्क्रूची भोकं बशीसारखी पसरतात, सपाट बाजू लाटांसारखी दिसते. हॅमर्लीच्या कडा ज्या हातांनी काढल्या ते हात आता नाहीत. त्या गोल झाल्या की संपलं. शिवाय गरम टाकीतला कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो आणि मऊ सोल्डरचे जोडही बिघडवतो. कुठला भाग कशाचा आहे हे ज्याला माहीत नाही त्याने टाकीजवळ जाऊच नये.

गंज काढायचा तो जागेवर, शांतपणे. आधी त्या भागावर तेल थापून रात्रभर राहू द्या. सकाळी तेल न पुसता सर्वांत बारीक, म्हणजे चार शून्यांची, स्टील वूल घ्या आणि बोटाच्या टोकाने हलके फिरवा. दाब नाही. पांढरी झळ दिसली तर थांबा. आधी ग्रिपखालच्या झाकल्या जागेवर करून बघा. तुमचा गंज योगायोगाने तिथेच आहे, सुरुवात तिथूनच करा. पुसून पुन्हा तेल, पुन्हा रात्रभर. दोन-तीन फेऱ्यांत लाल निघून जातो. खाली बारीक खड्डे राहिले तर राहू द्या. खड्डा काढायचा म्हणजे भोवतालचं सगळं पोलाद खाली घासायचं, ते कशाला?

जाता जाता एक धातुशास्त्राची गंमत सांगतो. लाल गंज डिस्टिल्ड पाण्यात उकळला तर त्याचं त्याच काळ्या मॅग्नेटाइटमध्ये रूपांतर होतं. जुने बंदूक कारागीर मुद्दाम गंज चढवून, उकळून, ब्रशने झाडून, पुन्हा पुन्हा तसं करत ब्लुइंग करायचे. त्याला रस्ट ब्लुइंग म्हणतात आणि ते गरम टाकीपेक्षा जास्त टिकतं. परवानाधारक, जाणकार गनस्मिथ सुट्या भागावर हे करू शकतो. घरी नको.

दर्यावर्दी (१२ जून)

कोल्ड ब्लूची बाटली मिळते ना? मी वरळीच्या रेंजवर एकाला लावताना पाहिलं. दोन मिनिटांत काळं झालं.

भोसरीकर (१२ जून)

मिळते, आणि तिचा उपयोग आहे, पण छोट्या जागेपुरता. स्क्रूचं डोकं, एखादी कड, साइटचा कोपरा. त्यात सेलेनियमचं संयुग आणि तांब्याचे क्षार असतात. पृष्ठभागावर काळा थर बसतो, पण तो खऱ्या ब्लुइंगपेक्षा खूप मऊ आणि पातळ. मोठ्या सपाट बाजूला लावलंत तर ढगाळ, चट्ट्यापट्ट्याचं दिसेल आणि रंग जुन्याशी जुळणार नाही. वापरायचंच तर तेलाचा अंश राहणार नाही असं साफ करून, हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून. द्रावण विषारी आहे. नंतर भरपूर पाण्याने धुऊन, वाळवून लगेच तेल. हे धुणं राहून गेलं की दुसऱ्या दिवशी त्याच जागी दुप्पट गंज येतो.

जुना_नेमबाज (१२ जून)

नळीच्या तोंडाचा करडा पट्टा राहिला. वाशिष्ठीकाठ, तो बहुतेक शिशाचा आहे. पॉइंट टू टूच्या शिशाच्या गोळीतून आणि प्रायमरमधून शिसं उडतं ते तोंडाशी बसतं. ब्लुइंग उडाल्यासारखं दिसतं पण नखाने किंवा आइस्क्रीमच्या काडीने हलकं खरवडलं तर निघतं. द्रावकात भिजवलेलं फडकं थोडा वेळ गुंडाळून ठेवा, मग नायलॉनचा ब्रश. शिसं काढायची खास पिवळी फडकी मिळतात. ती शिसं काढतात खरी, पण सोबत ब्लुइंगही काढतात. ती ब्लू केलेल्या पोलादाला लावायची नाहीत, स्टेनलेसला चालतात.

हे काम स्वयंपाकघरात आणि जेवणाच्या टेबलावर करू नका. शिशाचा कण मुलांच्या तोंडात जाणं ही खरी भीती आहे. झाल्यावर हात साबणाने आणि गार पाण्याने धुवा, फडकी वेगळ्या पिशवीत बांधून टाका.

आता फ्रंट साइट. फिनिशच्या सगळ्या प्रश्नांत मला विचाराल तर हाच सर्वांत मोठा, कारण बाकीचं रूप आहे आणि हे गुण आहेत. वरची कड चमकली की बाजूने पडणारा उजेड तिथे परावर्तित होतो, डोळ्याला साइट खरी आहे तिथे दिसत नाही, थोडी सरकून दिसते. गट, म्हणजे लक्ष्यावरचा गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका, त्याप्रमाणे सरकतो. मग माणूस रिअर साइटचे (डोळ्याकडच्या मागच्या खाचेचे) क्लिक फिरवत बसतो आणि ढग आले की पुन्हा सगळं बदलतं.

यावर जुना उपाय कापूर. साइट पिस्तुलावरून काढून, चिमट्यात धरून, कापराच्या ज्योतीच्या जरा वर फिरवा. काजळी इतकी गडद आणि निस्तेज बसते की तिच्यासारखा काळा रंग डबीत मिळत नाही. मेणबत्तीची काजळी चिकट होते, कापराची कोरडी राहते. बोट लागलं की निघते, म्हणून सामन्याच्या आधी. सामना झाल्यावर पुसून तेल. गोळ्या, द्रावक, तेलाची फडकी जवळ नकोत, आणि एअर पिस्तुलावर साइट बसलेली असताना ज्योत अजिबात नको. ज्यांना हे नको त्यांनी साइटसाठीचा मॅट काळा स्प्रे घ्यावा.

मृण्मयी_पुणे (१३ जून)

कापराची युक्ती आमच्या कोचनीही सांगितली होती. पण कारण आज कळलं.

एअर पिस्तुलवाल्यांसाठी एक इशारा. दाबाची हवा भरलेल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह, भरायचा अडॅप्टर, ओ-रिंग (हवा अडवणारं रबरी कडं) यांच्याजवळ पेट्रोलियम तेल किंवा तेलाचा स्प्रे नको. २०० बारची हवा आत झपाट्याने दाबली जाते तेव्हा तापते आणि तेल पेट घेऊ शकतं. ओ-रिंगला उत्पादक सांगेल ते सिलिकॉन ग्रीसच, आणि तेही नावापुरतं. मोरिनीसारख्या इलेक्ट्रॉनिक ट्रिगरच्या पिस्तुलात तर स्प्रेची नळी आत घालूच नये. पोलादी भाग पुसायचा असेल तर तेल फडक्यावर घ्या, पिस्तुलावर नाही. नळीला फेल्टच्या क्लीनिंग पेलेट पुरतात.

सायली_रत्नागिरी (१३ जून)

माझी मुलगी यंदा सुरू करते आहे, म्हणून विचारते. २०१८ च्या जकार्ता एशियाडमधलं पिस्तूल नेमबाज राही सरनोबतचं सुवर्ण तिने कुठेतरी पाहिलं आणि तेव्हापासून डोक्यात पिस्तूलच आहे. घरात ठेवायचं कशात? पेटीतच ना? कंपनीने छान स्पंजची पेटी दिली आहे.

दर्यावर्दी (१३ जून)

ताई, ती पेटी नेण्या-आणण्यासाठी. कायम ठेवायला नाही. स्पंज ओल धरतो आणि धातूला चिकटून बसतो. पॉलियुरेथेनचा स्पंज दमट हवेत काही वर्षांनी विरघळल्यासारखा चिकट होतो, मग तो चिकटा पिस्तुलावरून काढणं हे वेगळंच काम. चामड्याचं कव्हरही नको, कमावण्याची रसायनं चामड्यात राहतात आणि ओल लागली की धातूला लागतात.

मी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतो. वाऱ्यासोबत मीठ येतं. कुलपाच्या लोखंडी कपाटात छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवलाय, स्वस्त मिळतो. ५० टक्क्यांच्या आसपास राखायचं. ६० च्या वर गेलं की गंजाचा वेग वाढतो. आणि फार खाली, ३०-३५ वर नेलंत तर ग्रिपचं लाकूड चिरतं. फोटोग्राफर लेन्ससाठी वापरतात ती ड्राय कॅबिनेट उत्तम, फक्त ती कुलूपबंद जागेत हवी. नाहीतर सिलिका जेल. निळी सिलिका गुलाबी झाली की ती भरली. ओव्हनमध्ये साधारण ११०-१२० अंशांवर दोन तास ठेवली की पुन्हा निळी होते. त्यात कोबाल्ट असतं, म्हणून खाण्याच्या भांड्यात नको. केशरी रंगाची, हिरवी होणारी मिळाली तर ती घ्या. बुटांच्या खोक्यातल्या पुड्या जमवून ठेवण्यात अर्थ नाही, त्या आपल्या घरी येईपर्यंत भरलेल्या असतात.

भोसरीकर (१४ जून)

यात एक भर. व्हीसीआय कागद किंवा पिशवी. आमच्याकडे भोसरी-चाकणहून परदेशी जाणारे इंजिनाचे भाग जहाजातून आठवडेच्या आठवडे याच पिशवीत जातात आणि तेल न लावता कोरे पोचतात. त्यातून गंजरोधक रसायनाची सूक्ष्म वाफ निघते आणि धातूवर बसते. अट एवढीच की पेटी बंद हवी, सारखी उघडझाप केली की वाफ जाते. पोलाद आणि ॲल्युमिनियम दोन्हींना चालणारा प्रकार मागा, काही प्रकार फक्त लोखंडासाठी असतात. औद्योगिक पॅकिंगच्या दुकानात मिळतो. सालाने बदला.

श्टुटगार्टकर (१४ जून)

जे पिस्तूल महिनोन्महिने बाहेर निघणार नाही त्याला तेलापेक्षा मेण बरं. मायक्रोक्रिस्टलाइन मेण. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत जुन्या वस्तू जपण्यासाठी तयार झालेलं रेनेसाँ वॅक्स याच जातीचं. पातळ लावायचं, थोडं सुकलं की मऊ फडक्याने चोळायचं. ओघळत नाही, बोटांचे ठसे धरत नाही, लाकूड आणि धातू दोन्हींना चालतं. फक्त बाहेरून. हलत्या भागांना तेलच.

वाशिष्ठीकाठ (२ जुलै)

कळवायला उशीर झाला, इथे पाऊस धो धो आहे.

ग्रिपखालचा गंज भोसरीकरांच्या पद्धतीने निघाला. खाली बारीक खड्डे आहेत, ते तसेच ठेवले. नळीचा करडा पट्टा शिसंच निघालं, खाली ब्लुइंग शाबूत. अंगठ्याजवळचे ठिपके बरेच फिके झाले, दोन राहिलेत, त्यांच्या मागे लागलो नाही. व्हीसीआय पिशवी मागवली आहे. तोवर कपाटात सिलिका आणि आर्द्रतामापक. कपाटाबाहेर ९१ टक्के दाखवतो, आत ५४. वर्कशॉपवाल्याला नाही म्हणून कळवलं.

फ्रंट साइटला कापूर लावून रविवारी रेंजवर गेलो. ढगांतून ऊन येत-जात होतं आणि गट जागचा हलला नाही. आजोबा, त्यासाठी वेगळे आभार.

एकच राहिलं. ग्रिपच्या लाकडाला काय लावू? हात लागून ते काळपट आणि गुळगुळीत झालंय, आणि पावसात फुगल्यासारखं वाटतं, बोटं आधीसारखी बसत नाहीत.

जुना_नेमबाज (३ जुलै)

फुगलंय, भास नाही. अक्रोड ओल घेतो. म्हणून पावसाळ्यात ग्रिप घासून हाताला बसवायच्या भानगडीत पडू नका. आता घासलीत तर डिसेंबरमध्ये ढिली पडेल. बसवायचं काम कोरड्या हवेत.

साफ करायला जुना टूथब्रश, किंचित ओला आणि सौम्य साबण, खवल्यांच्या नक्षीतला मळ निघेपर्यंत. ग्रिप पिस्तुलावरून काढूनच. पंख्याखाली दोन दिवस सावलीत वाळू द्या, उन्हात नको. मग जवसाचं उकळलेलं तेल किंवा टंग ऑइल, फडक्याने अगदी थोडं. वीस मिनिटांनी वर राहिलेलं सगळं पुसून घ्या, आणि पूर्ण वाळायला आठवडा द्या. वाळणारी तेलं धातूला नको असं मी वर म्हटलं, लाकडाला मात्र तीच हवीत, कारण ती आत जाऊन घट्ट होतात आणि घाम अडवतात. व्हार्निश लावू नका. ओल्या हातात ते निसटतं.

जवसाच्या तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ते तापतं आणि आपोआप पेट घेतं, हे खरं आहे. पाण्यात बुडवा किंवा अंगणात उघडं पसरून वाळवा, मग टाका.

आणि ग्रिप परत बसवण्याआधी तिच्या मागच्या बाजूलाही तेलाचा एक हात द्या. तिथे कारखान्यातून बहुधा काहीच लावलेलं नसतं.